कपाटात लपलेला पैलवान

साईराजला कधी कुणी स्वस्थ बसलेला पाहिला नव्हता. पहाटे तालीम, दिवसभर मळा, सांजेला पुन्हा तालीम. जेवायला बसला तरी एक गुडघा आपला हलतच असायचा. ह्याच्या पायाला देवानं भिंगरी बांधून पाठवलाय, असं त्याची आई मनुबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. आष्ट्याच्या आसपासच्या जत्रांत त्याचं नाव पुकारलं की माणसं पुढं सरकून बसत, कारण हा गडी सलामी झडली रे झडली की समोरच्यावर तुटून पडायचा. मागं सरणं त्याला ठाऊकच नव्हतं.

शहाण्णव साली, ऐन ऊसतोडीत, हाच साईराज सांगलीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात उताणा पडला होता. डावी मांडी मोडलेली. गुडघ्याखाली हाडातून आरपार जाड तार घातलेली, तारेला दोरी, दोरी पलंगाच्या पायथ्याच्या कप्पीवरून खाली सोडलेली आणि तिच्या टोकाला लोखंडी वजनं टांगलेली. कुशीवर वळायचं नाही, उठून बसायचं नाही. हाड जुळेपर्यंत असंच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते कधी जुळेल हे सांगायचं मात्र रोज नव्यानं टाळत होते.

झालं होतं ते असं. साईराजच्या वडलांचा, आप्पासोंचा, ऊस कारखान्याला जायचा आणि धुळा त्यांचा ट्रॅक्टर चालवायचा. धुळा म्हणजे भामाबाईचा एकुलता एक पोरगा, साईराजच्याच वयाचा, तालमीतला त्याचा जोडीदार. दोघं मिसरूड फुटायच्या आधीपासून एकाच हौद्यातल्या मातीत घुमलेले. त्या दिवशी उसानं भरलेली ट्रॉली बांधाचा चढ चढत होती. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणारी पिन कुठंतरी पडून हरवली होती. नवी आणायची तर आष्ट्याला जायला हवं. धुळानं तिच्या जागी सळीचा एक तुकडा खुपसला. चढावर सळी वाकली, निसटली, आणि ट्रॉली माघारी आली. चाकाला दगड लावायला मागं धावलेला साईराज ट्रॉली आणि बाभळीचा बुंधा ह्यांच्यात सापडला.

शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिल्यांदा पाणी मागितलं आणि मग भेटायला आलेल्या सगळ्यांच्या देखत बोलला, "मला उभा तर राहू दे. धुळ्याची दोन्ही तंगडी मोडून त्याच्याच हातात देतो." हे वाक्य त्याच्याआधी गावात पोचलं. आप्पासो भावकीतली दोन माणसं आणि काठ्या घेऊन धुळाच्या वस्तीवर जाऊन आले. धुळा सापडला नाही. वडील काठ्या घेऊन गेले हे साईराजला कळलं तेव्हा त्याला बरं वाटलं. त्या दिवसात बरं वाटावं असं दुसरं काही नव्हतंच.

बाकी सगळी तगमग होती. सकाळचा चहा झाला की दुपारपर्यंत काय करायचं आणि दुपार झाली की सांजेपर्यंत काय करायचं, हेच त्याला कळेना. छताकडं बघून बघून पापुद्रे पाठ झाले. चांगला पाय पलंगावर आपटायचा, तर वजनं हलायची आणि मांडीतून अशी कळ जायची की डोळ्यांपुढं अंधारी. घरून बदामाची थंडाई आली, ती डॉक्टरांनी परत पाठवली. पडून राहिलेल्या माणसाला पैलवानाचा खुराक कसा पचणार? दंडाची गोटी दिवसेंदिवस उतरत चाललेली त्याला दिसत होती. वस्ताद हरिबा एकदा येऊन गेले. जत्रेतली ठरलेली जोड त्यांनी दुसऱ्याला दिली होती, ते त्यांनी जाताना दारातून सांगितलं आणि उत्तराला थांबले नाहीत. नर्सबाई त्याला वैतागल्या होत्या, तो त्यांना वैतागला होता.

शेजारच्या पलंगावर देवदत्त नावाचा साताऱ्याचा माणूस होता. पस्तिशीचा, चष्मेवाला, मालवाहू बोटीवर रेडिओ ऑफिसर. सुट्टीत सांगलीला सासुरवाडीला आला आणि स्कूटरवरून घसरला. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, आणि जखम भरेपर्यंत मुक्काम दवाखान्यातच. दोनतीन दिवस तो साईराजची आदळआपट मुकाट ऐकत होता. मग एका सकाळी त्यानं बायकोला, शरयूला, बॅगेतून काहीतरी काढायला सांगितलं.

करड्या रंगाचं, तळहातात मावेल असं यंत्र होतं ते. डावीकडं अधिकच्या चिन्हासारखं बटण, उजवीकडं दोन गोल बटणं, मध्ये काडेपेटीपेक्षा जरा मोठी हिरवट काच. मागून एक छोटी कॅसेट खोचलेली.

देवदत्त म्हणाला, की जपानच्या बंदरात घेतलेला हा व्हिडिओ गेम आहे, आणि आता ह्याला दोन हात लागतात ही त्याची पंचाईत झाली आहे. "पैलवान, तुमचे दोन्ही हात शाबूत आहेत. तुम्ही खेळा, मी नुसता बघतो. माझाही वेळ जाईल."

साईराजला हे पोराटोरांचं वाटलं. पण दुपार लांब होती. त्यानं यंत्र घेतलं.

काचेवर एक घर होतं, समुद्राकाठचं, मोठं. हातात कंदील घेतलेला एक माणूस त्यात शिरायचा आणि मागचं दार आपोआप बंद व्हायचं. जे काही लिहून यायचं ते जपानीत, म्हणजे मुंग्या सांडल्यासारखं. देवदत्तलाही त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. खोल्या, जिने, बोळ, आणि घरात कुठंतरी ती एक वस्तू. वस्तूच म्हणायचं, कारण तिला तोंड नव्हतं, फक्त लांब हात होते. ती दिसायच्या आधी ऐकू यायची. आधी बारीक घरघर, मग जवळजवळ येत जाणारी. तिच्यापासून वाचून त्या माणसाला घराबाहेर काढायचं, एवढाच खेळ.

साईराजनं काय केलं असेल? जे त्यानं आयुष्यभर केलं तेच. माणसाच्या हातात एक काठी होती. वस्तू बोळात दिसली आणि ह्यानं माणसाला थेट तिच्या अंगावर घातलं. काठीचे फटके बसले, वस्तू कोसळली. "बगा," तो देवदत्तला म्हणाला, आणि तेवढ्यात ती उठली. काच काळी झाली. खेळ पहिल्यापासून.

असं त्या दुपारी किती वेळा झालं त्याला मोजदाद नाही. शेवटी त्यानं यंत्र गादीवर फेकलं.

"पैलवान, तिच्याशी कुस्ती नाही," देवदत्त म्हणाला. "तिला पाडता येतं, चीत करता येत नाही."

"मग खेळायचं काय म्हंता?"

"लपायचं. घरात कपाटं आहेत. कपाटासमोर जाऊन बटण दाबलं की तो आत शिरतो."

साईराज हसला. लपायचा खेळ बायकापोरांचा, म्हणाला. त्या दिवशी त्यानं यंत्राला पुन्हा हात लावला नाही. पण दुसऱ्या दिवशी छताचे पापुद्रे तेच होते, आणि उजेड खिडकीतून आत आल्या आल्या त्यानं यंत्र मागितलं. काचेला स्वतःचा उजेड नव्हता, खिडकीतलं ऊन असेल तोवरच खेळ चालायचा. त्यामुळं सकाळपासूनच त्याला घाई सुटायची. ऊन सरकलं की तो यंत्र वाकडंतिकडं धरून ऊन पकडायचा, आणि ते भिंतीवर गेलं की पुन्हा तगमग सुरू. सेल भराभर संपायचे. मनुबाई भाकरीच्या फडक्यात पेन्सिल सेल बांधून आणू लागली. पोरगा रेडिओ ऐकतोय असा तिचा समज होता.

कपाट मात्र त्याला जमत नव्हतं. त्यात शिरणं सोपं होतं. शिरलं की काच जवळजवळ सगळी काळी व्हायची, मध्ये एक उभी फट उरायची, आणि आतल्या माणसाचं काळीज वाजू लागायचं, धडधड, धडधड. बाहेर ती घरघर जवळ यायची. अशा वेळी कुठल्याच बटणाला बोट लावायचं नाही. नुसतं लागलं तरी आतला माणूस हलतो, तिला कळतं, आणि दार उघडतं. काही म्हणजे काही करायचं नाही, हेच साईराजच्यानं होत नव्हतं.  घरघर वाढली की त्याचं अंग आपोआप पुढं झेपावायचं, बटण दाबलं जायचं, आणि फटीत ते लांब हात. एकदा तर नेमकी त्याच क्षणी जेवणाची गाडी वॉर्डात खडखडत आली. साईराज एवढा दचकला की वजनं हेलकावली आणि तो ओरडला. सगळा वॉर्ड उठून बसला. नर्सबाईंनी यंत्र जप्त केलं. शरयूनं दोन दिवस रदबदली केली तेव्हा कुठं ते परत मिळालं.

पण ते दोन दिवस त्याला अवघड गेले, आणि त्यातलं एक त्यानं देवदत्तला सांगितलं नाही. डोळे मिटले की त्याला ते कपाट दिसायचं. आणि त्याच्याबाहेर कुणीतरी उभं आहे असं वाटायचं.

यंत्र परत आलं त्या सकाळी त्याला ते साधलं. माणूस कपाटात, काळीज धडधडतंय, घरघर अगदी दाराशी येऊन थांबली. फटीतून फक्त एक पाय दिसत होता, चार ठिपक्यांचा. साईराजनं दोन्ही अंगठे वर उचलून धरले होते. श्वाससुद्धा घेतला नाही. तो पाय हलेना. खिडकीबाहेर रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. मग पाय वळला, घरघर बारीक होत होत गेली. साईराजची पाठ घामानं गादीला चिकटली होती.

"वा," देवदत्त म्हणाला.

साईराजला आनंद व्हायला हवा होता. तो काचेकडं बघत राहिला. "सायेब," तो हळूच म्हणाला, "आत लय वंगाळ वाटतं हो. मी आजवर कुणाला भिऊन कुटं लपलो न्हाई. मला ठावंच नव्हतं, असं आसतंय त्ये."

 देवदत्तनं बोटीवरची एक गोष्ट सांगितली, वादळात रेडिओच्या खोलीचं दार आतून लावून बसल्याची. कप्तान हाका मारत होता तरी ह्याच्यानं दार उघडवेना. फार रंगवून सांगितली नाही. 

त्याच आठवड्यात मनुबाई आली तेव्हा गावाकडच्या गोष्टी निघाल्या. ऊस अजून उभा आहे, नवा ड्रायव्हर कामचुकार आहे, म्हैस व्यायली. बोलता बोलता ती म्हणाली, की धुळा कुणाला दिसत नाही. कधी ह्याच्या मळ्यात, कधी त्याच्या खोपीत निजतो म्हणतात. वस्तीकडं आपली जीप वळली नुसती, तरी उसात पळतो. हे सांगताना तिच्या बोलण्यात समाधान होतं, आईच ती. एरवी साईराज म्हणाला असता, पळू दे किती पळतोय. त्या दिवशी त्यानं म्हशीला रेडा झाला की रेडी एवढंच विचारलं, आणि मनुबाईनं भाकरीचं फडकं घडी घालून उचललं.

मग एक दिवस भामाबाई आली.

दुपारची भेटीची वेळ संपत आली होती. साईराजचा कंदीलवाला त्या वेळी तळघराच्या जिन्याजवळच्या कपाटात होता आणि घरघर जवळ येत होती. पायाशी कुणीतरी उभं आहे असं त्याला वाटलं. मान वर केली तर धुळाची आई. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, हातात कापडाची पिशवी. ती पुढंही येईना आणि मागंही जाईना. देवदत्तनं स्टूल दाखवलं तरी ती स्टुलावर बसली नाही, पलंगाच्या कडेला फरशीवर बसली. त्यामुळं उताण्या पडलेल्या साईराजला तिचा चेहरा दिसेना, फक्त आवाज यायला लागला.

पायाचं कसं आहे, दुखतं का, जेवण जातं का, असं तिनं विचारलं. शेंगदाण्याचे लाडू आणलेत, म्हणाली. साईराज हुं हुं करत राहिला. यंत्र त्याच्या हातातच होतं.

"त्यो बी आलाय," ती म्हणाली. "खाली हाय. रिक्षा थांबत्यात तितं."

साईराजनं मान उचलून खिडकीकडं पाहिलं.

"ह्याच्या आदी बी आलाय. जिन्यापत्तूर येतोय आन् माघारी फिरतोय. वरनं तुजा आवाज आला, की पाय लटलटत्यात म्हंतोय."

"मी काय वाघ हाय व्हय?"

 भामाबाईनं जे सांगितलं ते अगदी साध्या आवाजात सांगितलं, जसं काही शेजारणीला सांगावं. "आप्पासो काट्या घिऊन आलं, त्या दिशी त्यो घरातच हुता बाबा. कणगीत. जुंधळा काढून मी त्याला आत बशीवला आन् वरनं गोणपाट टाकलं. त्या माणसांनी समदं घर हुडाकलं. कणगीला टेकून उभं राहिलं, पान खाल्लं. मी म्हणलं, न्हाई हो, हितं न्हाई. ती गेल्यावर गोणपाट काडलं तर पोरगं भाईर ईना. घामानं भिजल्यालं, दातखीळ बसल्यासारखं. एवढा पैलवान गडी, साईराज, आन् त्यानं माजा पदर धरला. लहान हुता तवा धरायचा तसा."

साईराजच्या हातातलं यंत्र कधी किरकिरलं आणि काच कधी काळी झाली, ते त्याच्या ध्यानात आलं नाही. धुळाचं अंग त्याला माहीत होतं. त्याचा खांदा, त्याची मानेवरची पकड, त्याच्या अंगाचा मातीचा वास, सगळं माहीत होतं. ते अंग कणगीत कसं मावलं असेल, गुडघे कुठं दुमडले असतील, हे त्याला उगीचच दिसू लागलं. आणि बाहेर काठ्या. काठ्यांच्या मागं कोण, तर तो स्वतः.

"काकू," तो म्हणाला, "त्याला वर बोलवा. मी काय करत न्हाई. मला हलता बी येत न्हाई."

"असं सांगूनच भाईर काढत्यात रं," ती म्हणाली. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. "मला तुजा भरवसा हाय. त्याला न्हाई."

ती उठली तेव्हा तिचा चेहरा त्याला पहिल्यांदा दिसला. लाडू देवदत्तच्या कपाटावर ठेवून ती गेली. साईराजनं देवदत्तला विनवलं, की खिडकीतून खाली बघा. देवदत्त प्लास्टरचा हात सावरत खिडकीशी गेला. रिक्षांच्या मागं एक उंच माणूस उभा होता म्हणाला. बाई आल्या तसा तो चालू लागला, दोघं वळून गेली.

त्यानंतर साईराजचं खेळात लक्ष लागेना. यंत्र हातात घ्यायचा, खाली ठेवायचा. पहिली तगमग पायाची होती. आता जी लागली तिला जागाच सापडत नव्हती. त्यानं आप्पासोंना सांगून पाहिलं, की धुळ्याला काही करू नका. आप्पासो म्हणाले, तू पड आपला, गावचं आम्ही बघतो. येणाऱ्या पाहुण्यांकडून निरोप पाठवला, तर तो निरोप गावात पोचेपर्यंत त्याला वेगळंच वळण लागलं: पैलवान धुळ्याला गोड बोलून सांगलीला बोलावतोय, ह्यात काहीतरी डाव आहे. आपलं पहिलं वाक्य किती चटकन पोचलं होतं आणि हे दुसरं काही केल्या पोचत नाही, ह्याचं त्याला आश्चर्य वाटायचं आणि स्वतःचाच संताप यायचा.

देवदत्तचं प्लास्टर निघालं. जायच्या दिवशी त्यानं विचारलं, यंत्र ठेवून जाऊ का, बोटीवर दुसरं घेता येईल. साईराज नको म्हणाला.

"तळघराच्या पुढं जायचं राहिलं तुमचं," देवदत्त म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या, सायेब. आता त्याच्यात जीव रमत न्हाई." दोघांनी हात मिळवले, देवदत्तनं डावा हात पुढं केला, कारण उजव्यात अजून बळ नव्हतं. शरयूनं वहिनीच्या मायेनं सांगितलं, की पायाला जपा. ते गेले, आणि त्यांच्या पलंगावर रात्रंदिवस घोरणारा एक म्हातारा आला.

तार निघाली, वजनं निघाली, मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर चढलं. डॉक्टरांनी खुर्ची ओढून शेजारी बसून सांगितलं, की हाड जुळलंय पण पाय थोडा आखूड राहील. चालाल, शेती कराल, कुस्ती मात्र विसरा. साईराजनं मान हलवली. ह्या वाक्याची तो इतके दिवस भीती धरून होता, आणि ते आलं तेव्हा त्याच्या मनात दुसराच विषय चालू होता.

कुबड्या घेऊन तो घरी आला तेव्हा ऊस तुटून गेला होता, रानात पाचट जळत होतं. एक-दोन दिवस माणसांची रीघ लागली. मग एका सकाळी आप्पासो आष्ट्याला बाजाराला गेले तसा तो आईला न सांगता बाहेर पडला. जीपनं त्याला त्या वस्तीवर जायचंच नव्हतं. धुळाची वस्ती ओढ्यापलीकडं, एरवी विडी विझायच्या आत पोचावं एवढी. त्या दिवशी त्याला वाटेत तीनदा बांधाला टेकावं लागलं. काखेत कुबड्या रुतत होत्या, प्लास्टरच्या आत घाम खाजत होता. उन्हानं माती दगडासारखी झाली होती आणि तिच्यावर कुबड्यांचा आवाज लांबवर जात होता. वस्ती दिसली तेव्हा तो आवाज त्याच्याच कानाला खटकला. तो थांबला.

घराचं दार उघडं होतं. अंगणात कुणी नव्हतं, पण चुलीतून धूर येत होता. भामाबाई कामाला गेलेली असणार. मग धूर कुणाचा? घराच्या मागं भावकीतल्या कुणाच्या तरी खोडव्याचा, तोडीनंतर पुन्हा फुटलेला ऊस कमरेच्या वर आला होता.

साईराज दारापर्यंत गेला नाही. अंगणाच्या अलीकडं, उघड्या रानात, त्यानं एक कुबडी लांब फेकली, मग दुसरी. ती फेकल्यावर त्याला प्रश्न पडला, की आता बसायचं कसं. मोडका पाय पुढं ताठ धरून तो हातांवर पडल्यासारखाच बसला. कळ मस्तकात गेली. थोडा वेळ त्याला काही दिसेना.

"धुळा," त्यानं हाक मारली. "मी हितं बसलोय. एकलाच हाय."

 कोंबडी अंगणातून चालत गेली. ऊन चढत होतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो बसून राहिला. मुंग्या प्लास्टरच्या कडेनं आत शिरू लागल्या, त्या झटकाव्यात असं वाटलं, पण त्यानं झटकल्या नाहीत. उगीच हालचाल नको. पुन्हा हाक मारावी असं फार वाटलं, तेही त्यानं केलं नाही. तहान लागली. सावली शोधायची तर उठताच येत नव्हतं. एवढा वेळ निमूट तो आयुष्यात कधी बसला नव्हता.

धुळा घरातून आलाच नाही. तो उसातून आला. बहुधा सुरुवातीपासून तिथंच दबून बसून बघत होता. वाळला होता, दाढी वाढली होती, आणि त्याच्या हातात ऊस तोडायचा कोयता होता. बऱ्याच अंतरावर तो थांबला. त्याची नजर साईराजवरून ओढ्याकडं, वाटेकडं, पुन्हा साईराजवर अशी फिरत होती. मागं आणखी कोण कोण आहे हे तो शोधत होता.

साईराजनं कोयता पाहिला. तरी त्यानं मांडीवरचे हात हलवले नाहीत.

धुळाच आधी बोलला. "पिन पडली हुती. आष्ट्याला जायाचं हुतं. म्हणलं दोन खेपा मारू आन् मग जाऊ."

"ठावं हाय."

"मी मुद्दाम न्हाई केलं."

"ठावं हाय, धुळा. तवा बी ठावं हुतं."

"मग तसं का बोललास गावात?"

 कळ होती, संताप होता, असं सांगता आलं असतं. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "चुकलं माजं." त्याच्या तोंडून हे दोन शब्द आजवर कुणी ऐकले नसतील. धुळानंही ते ऐकले की नाही कळलं नाही, कारण त्याचा चेहरा तसाच राहिला.

"मारायला आलायस?"

"कसा मारू गड्या? मला उठता येत न्हाई. तू उठीवलंस तर उठीन."

 धुळानं कोयता उसाच्या कडेला ठेवला, टाकला नाही, ठेवला, आणि तो मोठा वळसा घेऊन साईराजच्या मागं आला. समोरून नाही आला. मागून त्यानं काखेत दोन्ही हात घातले, छातीशी बोटं गुंफली. ती पकड साईराजला डोळे मिटूनही ओळखू आली असती. "दम धर," धुळा म्हणाला आणि त्यानं त्याला उचललं. मोडक्या पायात कळ उठली, दोघं हेलपाटले, एका पायावर नाचल्यासारखे फिरले, आणि कसेबसे उभे राहिले.  वजन तर साईराजचं आता काहीच उरलं नव्हतं. उभं राहिल्यावरही धुळानं हात लगेच सोडले नाहीत आणि साईराजनंही सोड म्हटलं नाही.

धुळानं त्याला ओढ्यापर्यंत आणून सोडलं. पुढं चल, घरी आई आहे, चहा पी, असं साईराज म्हणाला. "आज नगं," धुळा म्हणाला आणि परत फिरला.

आप्पासोंनी ऐकल्यावर बरीच आदळआपट केली. साईराजनं एकदाच सांगितलं, की धुळाच्या अंगाला कुणी बोट लावलं तर मी ह्या घरात भाकरी खाणार नाही, आणि खरोखर दोन वेळा जेवला नाही, तेव्हा मनुबाईनंच नवऱ्याला गप्प केलं. ट्रॅक्टरवर धुळा पुन्हा बसला नाही. त्याचं त्यालाच नको होतं. पण प्लास्टर निघाल्यावर तो दुपारी यायला लागला. साईराजचा वाळलेला पाय मांडीवर घेऊन तेल चोळायचा, गुडघा हळूहळू वाकवून घ्यायचा. वस्ताद हरिबांनी शिकवलेलं सगळं त्याच्या बोटांत होतं.  साईराजचा गुडघा पुन्हा आधीसारखा उगीच हलू लागला, तेव्हा धुळा हसला. अपघातानंतर तो पहिल्यांदाच हसलेला साईराजनं पाहिला.

एक गोष्ट मात्र गेली नाही. धुळा बसायचा तो दाराकडं तोंड करून. वाटेवर जीप वळल्याचा आवाज आला की त्याचे हात पायावर थांबायचे आणि तो अर्धा उठायचा. आप्पासो उतरून आत येईपर्यंत तो तसाच, ना बसलेला ना उभा. साईराज ते बघायचा.  शेवटी त्यानं वडलांना सांगितलं, की वळणावर यायच्या आधी, लांबूनच हॉर्न वाजवत जा.

स्वतःच्या घरात यायला हॉर्न कशाला, म्हणून आप्पासो कुरकुरले. पण वाजवू लागले.